चढणारे वरचे, उतरणारे खालचे

"हा फळा मधनं कापा, गुरुजी," बाबूतात्या शाळेच्या दारात उभं राहून ओरडत होते. "अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. तुमच्यानं हुत नसंल तर मी कापतो."

तात्यांच्या हातात कुऱ्हाड होती. ती तशी कायमच असायची, जेवतानासुद्धा शेजारी पाटावर ठेवायचे, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. आवाजाकडे मात्र द्यावं लागलं. तात्यांचा आवाज असा, की त्यांच्या रानात ज्वारी राखायला कधी कुणी गोफण घेतली नाही. तात्यांनी नुसतं बांधावरून बायकोला हाक मारली की पाखरं उडायची, ती थेट कर्नाटकात उतरायची.

"फळा सरकारी आहे, तात्या," मी म्हणालो. "उद्या झेडपीनं विचारलं अर्धा फळा कुठंय, तर काय सांगू?"

"सांगा की, वरल्या वस्तीनं नेला."

तर ही गोष्ट त्या फळ्याची. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आयुष्यभर मास्तर होतो. आता रिटायर होऊन सोलापुरात असतो. संध्याकाळी नवी पेठेत चक्कर मारतो आणि ओळखीच्या कापडवाल्याला ही गोष्ट सांगतो. हल्ली तो मला लांबून पाहिलं की शटर निम्मं ओढून घेतो, म्हणून म्हटलं लिहूनच काढावी.

गावाचं नाव सांगत नाही. मंगळवेढा तालुक्यातलं, काळ्या रानातलं गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर दोन्ही वस्त्या विचारायला येतील की आमचं नाव आधी का नाही घेतलं, आणि दोघांकडेही माझा पत्ता आहे.

गावाच्या दोन वस्त्या. वरली आणि खालची. मधे शाळा. दोन्हीकडे एकच आडनाव, एकच भावकी, एकच कुलदैवत. भांडायला यापेक्षा जास्त काय लागतं? वरल्या वस्तीचे म्होरके बाबूतात्या. खालच्या वस्तीचे सिद्रामआण्णा. आण्णा तात्यांच्या अगदी उलट. कधी ओरडायचे नाहीत. हळू बोलायचे आणि बोलून झाल्यावर समोरच्याला घरी जाईपर्यंत कळायचं नाही की आपला अपमान झाला.

मंगळवेढ्याहून एक एसटी यायची. लोक चढायचे, उतरायचे, थांबा कुठं आहे हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मग कुणीतरी डेपोत अर्ज केला आणि डेपोनं एक लोखंडी पाटी पाठवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'विनंती थांबा'. पाटी एक, वस्त्या दोन. पाटी कुठं रोवायची यावरून सकाळी बोलणं झालं, दुपारपर्यंत दगड आले आणि संध्याकाळी गावात जेवढी डोकी होती त्यापेक्षा जास्त फुटली. काहींची दोनदा फुटली, असा हिशेब मला हवालदारानं समजावून सांगितला. केसेस झाल्या, जामीन झाले. पाटी हवालदारानं आणून शाळेच्या तांदळाच्या खोलीत टाकली, कारण गावात दोन्ही बाजूंची अशी तेवढीच एक जागा उरली होती.

त्यानंतर बोलणं बंद. पिठाच्या गिरणीत वरल्यांनी सकाळी जायचं, खालच्यांनी संध्याकाळी. कुत्रीसुद्धा आपापल्या हद्दीत भुंकायची. एसटीला तर दोन्हीकडून बहिष्कार. गाडी जिथं पाटीशिवाय थांबेल तिथं चढणं म्हणजे माघार, असं दोघांनीही ठरवलं होतं. गाडी रिकामी यायची आणि रिकामी जायची. माणसं मंगळवेढ्याला चालत जायची, पण ताठ.

आता भांडण शाळेपर्यंत आलं होतं. "आमची पोरं त्यांच्या पोरांसंगं बसणार न्हाईत," हे तात्यांचं म्हणणं. आण्णांचंही हेच, फक्त हळू आवाजात. ऐकलं नाही तर दोघंही आपापली पोरं काढून घेणार.

इथे एक शब्द समजावून सांगतो. समायोजन. पट फार कमी झाला की सरकार शाळा बंद म्हणत नाही, समायोजन म्हणतं. म्हणजे पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत घालायची, मास्तर तिसऱ्या गावी पाठवायचा आणि इमारतीत शेळ्या बसायच्या. आमच्या पोरांच्या वाट्याला येणारी शाळा होती ओढ्यापलीकडे. पोरगे गेले असते. पोरींचं काय, ते मी दोघांना विचारून ठेवलं होतं.

"पोरगी एवढ्या लांब? न्हाय," तात्या म्हणाले होते.

"घरी बसंल," आण्णा म्हणाले होते.

भांडण सोडलं तर वर्षभरात त्या दोघांचं एकमत झालेला तो एकच मुद्दा. तात्यांची नात वैष्णवी आणि आण्णांची नात आरोही, दोघी चौथीत. भांडणाआधी एका बाकावर बसायच्या, एका पेन्सिलीनं लिहायच्या. अशा हुशार, की मी फळ्यावर गणित लिहायला हात उचलला की खडू टेकायच्या आत उत्तर यायचं. मी कित्येकदा उत्तर ऐकून मग गणित लिहिलंय. त्या दोघी चौथीतच घरी बसल्या असत्या. माझी झोप उडाली ती तिथं. बाकी मला कुठंही झोप लागते.

मी दोघांना शाळेत बोलावलं. तात्या आत बसले. आण्णा आत यायला तयार नव्हते, ते बाहेर खिडकीखाली उभे राहिले.

"तुमचं म्हणणं मंजूर," मी म्हणालो. "शिफ्ट करू. सकाळी वरली वस्ती, दुपारी खालची."

"आन फळा?" तात्यांनी विचारलं.

"सकाळी अख्खा तुमचा, दुपारी अख्खा त्यांचा. कापायची गरज नाही. पण एक अडचण आहे. शाळेत शिक्षक दोन मंजूर आहेत, त्यातले एक कायम ट्रेनिंगला. ते शिकतात, मी शिकवतो. मी एकटा आणि दिवस एकच. तेव्हा दिवसभराचं शिकवणं असतं, त्याची वाटणी करावी लागेल. अर्धं तुम्हाला, अर्धं त्यांना."

वाटणी म्हटल्यावर तात्या सावरून बसले. खिडकीत आण्णांचा फेटा वर आला. या गावात विहिरीच्या पाण्याची वाटणी झाली होती, बांधावरच्या लिंबाच्या सावलीची झाली होती, एका बैलाची तर तीन भावांत झाली होती. शिक्षणाची राहून गेली होती.

"गणितात दोन मोठ्या गोष्टी," मी म्हणालो. "बेरीज आणि वजाबाकी. बोला, कुणाला काय?"

"बेरीज आमास्नी," तात्या लगेच म्हणाले. "वाढायचं ते आमच्यात. घटायचं काम वरल्या वस्तीत न्हाय."

खिडकीतून हळू आवाज आला, "गुरुजी, ह्यातलं अवघड काय हाय?"

"वजाबाकी. तिच्यात शेजारच्या घरातनं दशक उसना घ्यावा लागतो."

"मग परत द्यायचा का?"

"नाही. वजाबाकीत परत द्यायचा नसतो."

आण्णांनी थोडा विचार केला. "मग तीच आमची."

गुणाकार बेरजेचा भाऊ म्हणून वर गेला, भागाकार खाली. मराठीचे धडे वरच्यांना, कविता खालच्यांना. परिसर अभ्यासात सूर्य उगवतो कसा हे सकाळच्यांना आणि मावळतो कसा हे दुपारच्यांना. दोघंही खूश होऊन गेले. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला हलकी जमीन गेली. असं टाईमटेबल महाराष्ट्रात कुठल्याही मास्तरानं केलं नसेल, केलं असेल तर तो माझ्यासारखा पेन्शन घेत नसणार.

दुसऱ्या दिवसापासून सुरू. सकाळी परिपाठ. परिपाठ म्हणजे शाळा भरताना होणारी प्रार्थना आणि प्रतिज्ञा. प्रतिज्ञेत सगळे भारतीय आपले बांधव असल्याचं येतं, तिथं पहिलीतल्या एका पोरानं हात वर केला.

"गुरुजी, खालचे पण?"

"ते तालुक्याला विचारून सांगतो," मी म्हणालो.

गावात भलताच परिणाम झाला. तात्यांनी फर्मान काढलं, की वजाबाकी खालच्यांची असल्यामुळे वरल्या वस्तीत ती कुणी करायची नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर काढायचं नाही, पाणी वाढवायचं. त्यांच्याकडे आठवडाभर सगळ्या घरांत आमटीच होती. न्हावी तर घाबरून वर जायचाच बंद झाला, कारण केस कापणं बेरजेत बसत नव्हतं. खालच्या वस्तीत उलट. आण्णा चहात साखर घालायची का यावर सकाळभर बसून राहिले आणि शेवटी बिनसाखरेचाच चहा प्याले. मी स्वतः पाहिलेलं सांगतोय. थोडं दुसऱ्याकडून ऐकलेलं आहे, पण तो माणूस माझ्यासारखाच खरं बोलणारा आहे.

आणि इथं मी माझी खरी चाल खेळलो. शिकवणं अर्धं अर्धं, पण गृहपाठ दोन्हीकडे एकच दिला. त्यात एकही गणित नुसत्या बेरजेचं नाही आणि एकही नुसत्या वजाबाकीचं नाही. टोपलीत एवढे पेरू, त्यात आणखी इतके टाकले, तितके खाल्ले, राहिले किती. वरची पोरं टाकलेल्या पेरूंपर्यंत यायची आणि थांबायची. खायचे पेरू खाली. घरच्यांना विचारावं तर तात्यांचं फर्मान.

भेटायची एकच जागा होती, खिचडी. वरल्यांची शाळा सुटायची आणि खालच्यांची भरायची ती वेळ खिचडीची. मंगलाक्का खिचडी करायची. तिचा वाढायचा डाव असा, की एका वाढीत ताट भरायचं आणि पोरगं हलायचं. वस्त्यांनी अट घातली होती, एकमेकांचं तोंड बघायचं नाही. म्हणून आक्कानं दोन ओळी पाठीला पाठ लावून बसवल्या. दोन्हीकडच्या आया झाडाखाली उभ्या राहून बघायच्या. तोंडाला तोंड नाही, अट पाळली जाते, समाधान.

पण पाठीला पाठ लागली की माणूस कुजबुजतो. दोनचार दिवसांत मला दिसलं, की वैष्णवीची वही तिच्या बगलेखालून मागं जाते आणि आरोहीची वही पुढं येते. मग सगळ्याच वह्या फिरायला लागल्या. मंगलाक्का माझ्याजवळ आली.

"गुरुजी, पोरं खात कमी आन मोजत जास्त हायती."

"मला काही दिसत नाही आक्का. मी डुलकी घेतोय."

"डोळं तर उघडं हायती की तुमचं."

"तशीच घेतो मी."

आणि एके दिवशी निरोप आला, साहेब येणार. साहेब म्हणजे विस्तार अधिकारी. त्यांनी शाळेला भेट द्यायची, पोरांना काय येतं ते पाहायचं आणि वर रिपोर्ट द्यायचा. आमच्या शाळेचा रिपोर्ट समायोजनाचा व्हायचा की नाही, हे त्या भेटीवर होतं. फोनवर साहेब मला सरळच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गावात शांतता नाही, पट तुटायला आलाय. मी तर म्हणतो पोरं ओढ्यापलीकडं हलवू. तरी येऊन बघतो."

साहेब नेमके खिचडीच्या वेळी आले. त्यामुळे दोन्ही शिफ्ट हजर. दोन्हीकडच्या आया हजर. तात्या एका खिडकीत, आण्णा दुसऱ्या खिडकीत. साहेबांना मी चहा दिला आणि सहज म्हणालो, "साहेब, गणित इथलंच काहीतरी विचारा. एसटीबिसटीचं. पोरांना लवकर कळतं."

साहेबांनी दोन्हीकडची पोरं एका खोलीत बसवली. पोरांनी सवयीनं पाठीला पाठ लावली. साहेब थोडे चमकले.

"बरं," ते म्हणाले. "मंगळवेढ्याहून एसटी निघाली. गाडीत तीस माणसं. वरल्या वस्तीवर थांबली, सात माणसं चढली..."

"साहेब," आण्णांचा हळू आवाज आला. "आधी खालच्या वस्तीवर थांबू द्या की. आमची म्हातारी माणसं हायती."

"साहेबांच्या तोंडनं आमचं नाव आधी आलंय," तात्या गरजले. छपरावरची कबुतरं उडाली. "गणितात थांबली म्हंजी थांबली."

"अहो, ही खरी गाडी नाही," साहेब म्हणाले.

"खरी कुटं थांबती? म्हणून तर गणितात बघतोय," तात्या म्हणाले.

साहेबांनी घाम पुसला. "तर सात चढली. पुढं खालच्या वस्तीवर नऊ उतरली. गाडीत राहिली किती? तू सांग."

वरल्या वस्तीतला एक पोरगा उठला. खिडकीकडं बघत म्हणाला, "सदतीस."

"आणि उतरलेली?"

"उतरणं आमच्यात न्हाई, सर."

साहेबांनी खालच्या वस्तीतल्या एकाला उठवलं.

"एकवीस."

"चढलेली कुठं गेली?"

"चढणारी वरच्यांची, सर. आमच्यात नुसती उतरत्यात."

साहेब माझ्याकडे वळले. "गुरुजी, हे काय शिकवलंय?"

"वाटणी झालीय, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण त्या टोपणाचा आवाज अजून कानात आहे. "हे बघा," ते खिडक्यांकडे बघून म्हणाले. "मला दुसरा मार्ग दिसत नाही. एकालाही साधं गणित पुरं येत नाही. पुढच्या महिन्यापासून शाळा ओढ्यापलीकडं."

माझी अख्खी चाल माझ्याच अंगावर येत होती. मग दोन पोरी उभ्या राहिल्या. पाठीला पाठ लागलेली होती, त्यामुळे एकदमच उठल्या.

"अठ्ठावीस," वैष्णवी आणि आरोही म्हणाल्या.

साहेबांचं पेन थांबलं. "बरोबर. कुणी शिकवलं?"

"हिनं," दोघींनी मागं हात करून एकमेकींकडे बोट दाखवलं.

तात्या खिडकीतून निम्मे आत आले. "वैष्णवे, तू वजाबाकी केलीस?"

"रोज करती, तात्या."

"कवापासनं?"

"पैल्या पेरवापासनं."

साहेबांनी विचारलं, "आणखी कुणाला येतं?" सगळे हात वर गेले. पहिलीतल्या त्या बांधववाल्या पोरानं तर दोन्ही हात वर केले. मघाचा सदतीसवालाही त्यातच होता.

"मग मघाशी का नाही सांगितलंस?"

"तात्या बगत व्हते."

आया हसल्या. आधी वरच्या, मग खालच्या, मग कोण कुठली ते कळेना. तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली, पंजा उघडला आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. ओठ हलत होते. बराच वेळ मोजलं. मग तात्यांनी मान वर केली आणि समोरच्या खिडकीकडे बघितलं.

"अठ्ठावीसच व्हत्यात," ते म्हणाले. "सिद्राम, बरोबर हाय का बघ."

दगडफेकीपासून ते आण्णांशी बोलले नव्हते. आण्णांनी फेटा सारखा केला, डोळे मिटले, मोजलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. आणि मग, "तुज्या नातीला चांगलं येतंय."

"तुज्याच नातीनं शिकवलंय न्हवं," तात्या म्हणाले. म्हणजे कुजबुजले. पाखरं तरी उडालीच.

साहेबांनी पेनला टोपण घातलं. "पोरं एका वेळी, एका वर्गात, तोंडाला तोंड करून बसणार असतील तर मी रिपोर्ट फिरवतो."

"बसतील," तात्या म्हणाले.

"बसतील," आण्णा म्हणाले.

शाळा राहिली. साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, की शिक्षणातून गावात सलोखा निर्माण करण्याचा स्तुत्य उपक्रम. उपक्रम म्हणजे सरकारी भाषेत असं काहीही, जे करायच्या आधी विचारलं असतं तर परवानगी मिळाली नसती. नंतर मला एका ट्रेनिंगला बोलावलं, तिथं शंभरेक मास्तरांपुढे भाषण करायला लावलं. मी म्हणालो, भांडलेल्या माणसांना उपदेश करू नका, तो दोघांनाही पाठ असतो. त्यांना अर्धं अर्धं गणित द्या आणि उत्तर मात्र पुरं मागा. टाळ्या पडल्या. भाषण जेवणाच्या आधी संपवलं म्हणूनही असतील.

राहिली पाटी. दोन्ही वस्त्यांनी बसून ठरवलं, पाटी शाळेपुढं रोवायची, अगदी मधोमध. साहेबांच्या गणितानंतर कोण आधी यावर वाद नको, म्हणून तात्यांनी खड्डा खणला आणि आण्णांनी माती ओढली. पहिली गाडी यायची त्या सकाळी अख्खं गाव पाटीखाली उभं. नवे कपडे, नारळ, ड्रायव्हरसाठी हार. हाराचं एक टोक तात्यांच्या हातात, दुसरं आण्णांच्या. वैष्णवी आणि आरोहीच्या हातात ओवाळायचं ताट. कुणी जागचं हललं नाही. आता थांबा हक्काचा होता.

लांबून धुरळा दिसला. गाडी आली. पाटीपुढून सरळ निघून गेली.

हार तसाच ताणलेला राहिला. गाडी पुढं ओढ्यापाशी थांबली, तिथं एक म्हातारी कोंबडीची टोपली घेऊन एकटीच उभी होती. मी पळत सुटलो, माझ्यामागं सगळं गाव. म्हातारी वर चढेपर्यंत आम्ही गाठलं. ड्रायव्हर तळहातावर तंबाखू मळत होता.

"अहो," मी धापा टाकत म्हणालो, "थांबा मागं राहिला. एवढी पाटी लावलीय, दिसली नाही का?"

"दिसली की."

"मग थांबला का नाहीत?"

त्यानं तंबाखू तोंडात टाकली, आरशातून मागं सगळ्या गावाकडं एकदा बघितलं आणि गिअर टाकला.

"तितं कुणी हात केला न्हाई."